चिचटोल्याची दोन कुलुपं

१

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, एकवीस माणसांच्या आणि एका बकरीच्या साक्षीने, चिचटोला गावची शांतता उघडण्यात आली. ती आत नव्हती.

शांतता म्हणजे एक कागद होता. त्याच्या खाली सेहेचाळीस घरांचे अंगठे आणि सह्या होत्या. तो ज्या हिरव्या पोलादी पेटीत ठेवला होता, ती पेटी विमानाने आली होती. चिचटोल्यात त्याआधी विमानाने काहीच आले नव्हते. साकोलीहून एसटी येते, तीही पावसाळ्यात फाट्यावरूनच परत फिरते.

पेटी पाठवणारे सरकार युरोपच्या वरच्या टोकाचे. त्या थंड देशात दीडशे वर्षांत कुणी कुणाशी भांडलेले नव्हते. त्यामुळे शांततेचा साठा फार झाला होता आणि तो बाहेर धाडायला तिथे एक स्वतंत्र खाते उघडले होते. मदत फक्त संघर्षग्रस्त भागांना मिळे. चिचटोला त्यात बसले ते ऑक्टोबर १९८२ च्या भांडणामुळे. तलावाच्या पाण्यावरून सात डोकी फुटली, भाताच्या पेंढ्याचे, म्हणजे तनसीचे, चार ढीग जळाले आणि अकरा दिवस पोलिसांचा तंबू पडला. नागपूरच्या सलोखा प्रतिष्ठानने ती बातमी कापली, इंग्रजी केली आणि अर्जाला जोडली.

अर्जात 'संघर्षाचे पक्ष' असा रकाना होता आणि त्यात दोन ओळी होत्या. एकीवर 'पाटील मोहल्ला' लिहिले, दुसरीवर 'बुद्ध टोली'. भांडण खरे म्हणजे पाटावरच्या वरच्या बांध्यांचे, म्हणजे धानाच्या शेतांचे, आणि शेवटच्या बांध्यांचे होते. वरच्यांची तहान भागेपर्यंत शेवटच्यांचा धान वाळून जाई. वरही दोन्ही वस्त्यांचे लोक होते आणि शेवटीही. पण ओळी दोनच होत्या.

मग समझोता झाला. ज्याची बांधी शेवटी, त्याला पाणी पहिले. कागद पेटीत गेला. पेटीला दोन कड्या, म्हणून दोन कुलुपं. मोहल्ल्याची किल्ली गोमाजीकडे, टोलीची आनंदरावकडे; शांतता समितीचे हे दोन अध्यक्ष. कुणाचे कुलूप उजव्या कडीला, यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिलीत उजवी बाजू मोहल्ल्याला मिळाली. दुसरीत उजवी म्हणजे माणसाची की पेटीची, हे ठरले: पेटीकडे तोंड करून उभे राहिलेल्या माणसाची. तिसरीत हे सगळे वाचून दाखवण्यात आले.

आता, ऑक्टोबर १९८५ मध्ये, त्या देशाचे पाहुणे गुरुवारी कागद पाहायला येणार होते. म्हणून सोमवारी रंगीत तालीम. गोमाजीने आपले पितळी कुलूप उघडले, आनंदरावने आपले काळे लोखंडी. झाकण वर झाले. आत प्लास्टिकची रिकामी पिशवी होती.

कुलुपं शाबूत. किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे. लोक एकमेकांकडे बघू लागले, आणि चिचटोल्यात लोक एकमेकांकडे बघू लागले की तनसीचे ढीग जपावे लागतात.

गर्दीच्या मागून धुरपताबाईचा आवाज आला. विधवा बाई, दोन एकर धान, आणि ती दोन एकर पाटाच्या अगदी शेपटाला.

"मंग माह्या बांधीचं पानी?"

तुडुमाचे, म्हणजे तलावाच्या मोरीचे, लाकडी बूच काढून पाणी पाटात सोडायचे काम मंगरूचे. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कागद नाई त जुनी रीत, वयनी. वरून खाली."

"वरून खाली येयेपर्यंत दहा दिवस जातात. माहा धान शुक्रवारलोक टिकन."

लोक पांगले. बकरीसुद्धा निघून गेली.

२

पोलिसात जायचे नाही, हे साकोलीच्या बीडीओ साहेबांनी ठरवले. तक्रार दिली की शांतताभंगाची नोंद होते आणि पाहुणे तर शांतता बघायला येणार. पुरुष अधिकारी त्या आठवड्यात कुटुंबनियोजनाच्या शिबिराला जुंपलेले होते. म्हणून मंगळवारी सकाळच्या एसटीने मुख्यसेविका उषाबाई आल्या. वय शेहेचाळीस, हातात छत्री, पिशवीत अंगणवाड्यांची पत्रके.

"चौकशी करा," साहेबांनी सांगितले होते, "पण निष्कर्ष काढू नका."

फाट्यावर उतरल्यापासून शाळेपर्यंत चार जणांनी त्यांना आडनाव विचारले. आडनाव कळले की बाई कुणाच्या बाजूने निकाल देणार ते कळते, अशी समजूत. उषाबाईंनी चौघांनाही "पंचायत समिती" असे उत्तर दिले.

पेटी शाळेच्या ऑफिसात होती. देवळात ठेवावी तर टोलीचा आक्षेप, विहारात ठेवावी तर मोहल्ल्याचा. शाळेला आक्षेप फक्त हेडमास्तर केशवरावांचा होता, आणि तो कुणी विचारला नव्हता.

"माझ्या नकाशांच्या कपाटात ती बसवली," केशवराव म्हणाले. "दोन वर्षे झाली, भारताचा नकाशा गुंडाळून माझ्या घरी पलंगाखाली आहे. पोरांना भूगोल तोंडी शिकवतो."

"ऑफिसला कुलूप?"

"असतं. किल्ली दारावरच्या खिळ्याला असते."

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"खिळ्याला माहीत नसेल, बाई. बाकी सगळ्यांना."

उषाबाईंनी भिंत पाहिली. तिथे एक मोठा फोटो टांगला होता. मागे फळा, त्यावर 'सुस्वागतम्'. पुढे हिरवी पेटी, नुकतीच दोन कुलुपं लावलेली. दोन्ही बाजूंना गोमाजी आणि आनंदराव, दोघेही दोन वेगळ्या दिशांना बघत.

"समझोत्याच्या दिवशीचा," केशवराव म्हणाले. "लाखनीचा फोटोग्राफर आला होता. दोघांना हसा म्हणून सांगता सांगता त्याचं रीळ संपलं."

"सोमवारी कोण कुठे बसलं होतं?"

"पेटी अशी, माझ्याकडे तोंड करून. गोमाजी डावीकडे बसला, आनंदराव उजवीकडे. बसले, किल्ल्या घातल्या, उघडलं. अर्धं मिनिट नाही लागलं."

"बरं," उषाबाई म्हणाल्या आणि पत्रकाच्या पाठीमागे एक ओळ लिहिली.

"संशय माझ्यावर आहे का?" केशवरावांनी विचारले. स्वरात किंचित आशा होती. निलंबन झाले असते तर पेटीपासून सुटका होती.

"तुमच्याकडे किल्ली नाही."

"ते खरं," केशवराव खिन्नपणे म्हणाले.

३

गोमाजी ओसरीवर दोर वळत बसला होता. पंचावन्न वर्षांचा गडी. तुडुमाखालची पहिली बांधी त्याची.

"बसा बाई. आडनाव काय म्हनाले?"

"नाही म्हणाले. कागद कोणी नेला असेल?"

"त्या टोलीवाल्याले इचारा. दुसरी किल्ली त्याच्यापाशी हाय."

"तुमच्या किल्लीशिवाय पेटी उघडते?"

दोर वळायचा थांबला. "नाई. पन तो फॉरेस्टात गार्ड होता. त्याईले कुलपं येतात."

"त्याच्याशी बोलणं होतं का तुमचं?"

"थुकत बी नाई मी त्याच्याकडं."

"महिन्याला नागपूरला दोघं जाता ना, समितीच्या बैठकीला?"

"एसटीत मी समोर बसतो, तो मांगं. बैठकीत काही बोलाचं असलं त प्रतिष्ठानच्या टेकचंदमार्फत बोलतो. कागद गेला, आता जुनी रीत. मी काय करू? मंगरू पानी सोडन त मी नोको म्हनू?"

"टेकचंदकडे कागदाची नक्कल आहे म्हणे. इंग्रजीत."

"बाई," गोमाजी समजावून सांगावे तसे म्हणाला, "इंग्रजीत पानी सुटत नाई."

टोलीत आनंदराव विहाराच्या पायरीवर पेपर वाचत होता. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, पण खाकी कोट अंगावरून उतरला नव्हता. ऊन असले तरी गळ्यापर्यंत बटणे. त्याची बांधी मधली. वरून खाली आले तरी त्याला पाणी मिळे.

"इचारा," तो म्हणाला, "पन गोमाजीचं नाव काढू नका. त्याच्या आंगनात माह्या बापानं वरून धार धरून ओंजळीनं पानी पेलं. मी उभा राहून पाहत होतो. सात वर्साचा होतो."

"मग समितीत त्यांच्याबरोबर कसे बसता?"

"समोर बसतो. संग नाई बसत."

"कागद कोणी नेला?"

"ज्याचा फायदा त्यानं. पहिली बांधी कोनाची हाय?"

"त्यांच्याकडे तुमची किल्ली नाही."

आनंदरावने पेपरची घडी घातली, मग ती घडी पुन्हा घातली. "मोहल्ल्यातल्या लोकाईले किल्लीची गरज पडत नाई, बाई. आजलोक त्याईचं सगळं बिनकिल्लीनंच उघडलं."

दोघांनी एकमेकांवर बोट ठेवले होते आणि दोघांपैकी एकट्याला पेटी उघडता येत नव्हती. उषाबाई छत्री उघडून चालू लागल्या. मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारले, "आडनाव समजलं का गा?"

४

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत सलोखा प्रतिष्ठानचा समन्वयक टेकचंद तिसरा चहा थंड करत बसला होता. वय तीस, खांद्याला झोळी, झोळीत अहवाल. गावातले भांडण हेच त्याचे काम होते आणि तो ते मनापासून करी.

"मॅडम, कागद नाही मिळाला तर माझी नोकरी जाते."

"आणि मिळाला तर?"

टेकचंदने इकडेतिकडे पाहिले. "तरी जाते."

उषाबाईंनी स्वतःसाठी चहा मागवला.

"मदतीचा पहिला टप्पा यंदा संपतो," तो सांगू लागला. "दुसऱ्याची अट अशी की वाद अजून चालू पाहिजे. वाद मिटला, कागदावर सगळं नीट सुरू आहे, असं दिसलं की गाव पास. पास झालेल्या गावाला मदत नाही. समिती बंद, बैठका बंद, मी बंद."

"म्हणजे कागद सापडू नये, यात तुमचा फायदा आहे."

"मॅडम, मी अहवालात दोनचार विशेषणं वाढवीन. पेटी फोडायची हिंमत नाही माझ्यात."

हे उषाबाईंना पटले. त्याच्या हातात चहाचा कप होता, तोही दोन्ही हातांनी धरलेला.

"ही अट कोणाकोणाला सांगितली?"

"दोघा अध्यक्षांनाच. ऑगस्टच्या बैठकीनंतर, लॉजवर. मला वाटलं, गाव पास होणार म्हणून खूष होतील. आनंदरावभाऊ कोटाची बटणं लावू लागले. गोमाजीभाऊ तर खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर भिंत होती."

"गावात आणखी कोणाला कळलं?"

"नाही. पलीकडच्या गावचे सरपंच मात्र मला रोज अडवतात. म्हणतात, आमच्या गावात काय कमी भांडनं हायेत? आमाले काहून नाई घेत? त्यांना सांगितलं, डोकी फुटावी लागतात. ते म्हणाले, किती?"

उषाबाईंनी चहा संपवला. "नागपूरला दोघं एका खोलीत उतरतात?"

"लॉजवर खोली एकच मिळते. मी ऑफिसात झोपतो. सुरुवातीला भीती वाटायची, रात्री काही झालं तर? पण दोन वर्षांत एकदाही आवाज आला नाही."

"भांडणाचाही नाही?"

"कसलाच नाही, मॅडम."

उषाबाई उठल्या. चार पावले गेल्यावर वळून त्यांनी विचारले, "तिथे जेवण प्रतिष्ठान देतं?"

"नाही हो. चहा आणि बिस्किटं. जेवण ज्याचं त्यानं."

५

बुधवारी सकाळी उषाबाई पुन्हा मोहल्ल्यात गेल्या, पण ओसरीवर नाही. मागच्या दाराने, चुलीपाशी. हातात अंगणवाडीचे पत्रक. आहाराची पाहणी आहे असे सांगितले की बायका नवऱ्यांबद्दल सगळे सांगतात.

"ह्याईचं काई इचारू नका," गोमाजीची बायको गोदावरीबाई म्हणाली. "आजकाल माह्या पोळ्याईले नावं ठेवतात. म्हनतात, जाड झाल्या. तीस वर्स खाल्ल्या तवा जाड नोत्या!"

"नागपूरला जाताना डब्यात काय देता?"

"काईच नाई. नोको म्हनतात. तिकडं भेटते म्हने."

टोलीत आनंदरावची बायको तुळसा सूप घेऊन बसली होती.

"नागपूरले? नऊ पोळ्या, बाई. अन् जवसाची चटनी डबाभर. घरी हा मानूस तीन खाते, चौथी देल्ली त हात आडवा करते."

"मग तिकडे नऊ कशा?"

"म्या बी इचारलं. म्हने, नागपूरची हवा. म्या म्हटलं, मंग मले बी ने एक डाव त्या हवेत. त त्यावर बोलनंच नाई."

उषाबाईंनी पत्रकावर दोन आकडे लिहिले: शून्य आणि नऊ. मग तलावाच्या पाळीवरून खाली उतरून त्या पाटाच्या कडेने चालत शेवटापर्यंत गेल्या. गोमाजीच्या बांधीत पाणी लोंब्यांखाली चकाकत होते. मधे चिखल होता. शेवटी चिखलही नव्हता. धुरपताबाईच्या बांधीत भेगा पडल्या होत्या, बोट जाईल एवढ्या. धान नुकता निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या.

धुरपताबाई शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसली होती.

"मागच्या वर्षी किती झाला?" उषाबाईंनी विचारले.

"तेरा पोते. त्याच्या आंधीच्या साली अडीच. तेच बांधी, तेच बी, तेच मी." ती उठली. "कागदानं पिकला, बाई. मले वाचता येत नाई, पन कागदानं धान पिकते हे म्या डोळ्यानं पाह्यलं. म्हनून इचारतो, सापडन का नाई? नाई त मी बैल सोडतो आजच. चारा तरी होईन."

"बैल दुपारपर्यंत बांधून ठेवा," उषाबाई म्हणाल्या.

६

दुपारी शाळा सुटल्यावर ऑफिसात पेटी टेबलावर ठेवलेली होती. गोमाजी आणि आनंदराव दोन टोकांना. केशवराव दाराशी, टेकचंद त्यांच्या मागे.

"पंचनामा करायचा आहे," उषाबाई म्हणाल्या. "पेटी रिकामीच बंद करा. आपापलं कुलूप आपापल्या कडीला लावा."

दोघे पुढे झाले. सोमवारसारखीच दोन्ही कुलुपं झटक्यात लागली.

"आता हा फोटो बघा."

फोटोत पितळी कुलूप उजव्या कडीला होते. टेबलावर ते डावीकडे लटकत होते.

गोमाजीने गळा साफ केला. "फोटो उलटा छापला असन."

"मागच्या फळ्यावर 'सुस्वागतम्' सरळ वाचता येतं," उषाबाई म्हणाल्या. "फोटो सरळ आहे. कुलुपं बदलली आहेत. आता एक कुलूप दुसऱ्या कडीला जायचं तर ती कडी मोकळी पाहिजे. म्हणजे फोटोनंतर केव्हातरी दोन्ही कुलुपं एकाच वेळी निघाली होती, आणि परत लावताना बाजू चुकली."

"चोरानं बनावट किल्ल्या केल्या असतीन," आनंदराव म्हणाला.

"मलाही तसं वाटलं. पण मग सोमवारी काय झालं असतं? गोमाजीभाऊ सवयीनं उजवीकडे गेले असते, तिथे तुमचं काळं कुलूप दिसलं असतं आणि ते ओरडले असते, टोलीवाल्यानं आमची बाजू बळकावली. दुसरा दंगा तिथेच झाला असता. तसं झालं नाही. हे डावीकडे बसले, तुम्ही उजवीकडे, आणि दोघांनी न बघता किल्ल्या घातल्या. कुलुपं कुठे आहेत ते तुम्हा दोघांना ठाऊक होतं, कारण तुम्हीच ती लावली होती. दोघांनी मिळून."

"आमी बोलत बी नाई एकमेकासंग!" गोमाजी म्हणाला.

"गावात नाही बोलत. तीन बैठका घालून ठरवलेली बाजू, भाऊ, भांडणारा माणूस मरेपर्यंत विसरत नाही. गप्पा मारत पेटी बंद करणारा विसरतो. आणि त्या नऊ पोळ्यांपैकी चार तुम्ही खाता की पाच?"

मग आनंदरावने खाकी कोटाची वरची तीन बटणे काढली आणि आतल्या खिशातून घडी केलेला कागद टेबलावर ठेवला.

"पाच," तो म्हणाला. "हा मोठा खानारा हाय."

टेकचंदने झोळीतून अहवाल काढला आणि परत आत ठेवला.

"पहिल्या चार खेपा खरंच बोललो नाई, बाई," आनंदराव सांगू लागला. "पाचव्या खेपेले ह्याले लॉजवर ताप भरला. फनफनून राहिला. खोलीत दुसरं कोन होतं? पानी कोन देईन? म्या देल्लं. ह्यानं पेलं."

"दोन गिलास," गोमाजी खाली बघत म्हणाला. "तोंड लावून."

"मंग सवय झाली. महिन्यातून दोन दिवस. हा गोष्टी सांगते बैलाईच्या, मी सांगतो जंगलातल्या. गावात एका बाकावर बसलो त ह्याले मोहल्ला सोडन नाई, मले टोली सोडन नाई. माह्या बापाचं पानी मीच इसरलो म्हनतीन. मदत बंद झाली का नागपूर बंद. नागपूर बंद झालं का..."



"रविवारी सगळे बाजारात गेलते," गोमाजी म्हणाला. "दुपारी आलो, काढला. पाहुन्याईले वाटन, भांडन चालू हाय. दुसरा टप्पा भेटला का वापस ठेवनार होतो."

उषाबाईंनी नोकरीत बऱ्याच चोऱ्या पाहिल्या होत्या. दुधाची भुकटी, सुकडीची पोती, एकदा अख्खी अंगणवाडी. मैत्रीसाठी केलेली ही पहिलीच. त्यांनी दार उघडले आणि बाहेर बसवून ठेवलेल्या धुरपताबाईला हाक मारली.

धुरपताबाईने उभ्या उभ्या सगळे ऐकले. मधे एकदा पदराने तोंड पुसले.

"तुमी दोस्त झाले, बरं झालं," ती म्हणाली. "पन तुमच्या दोस्तीचं पानी माह्या बांधीतून काहून काढता?"

"तुले दोन पोते धान देऊ आमी," गोमाजी म्हणाला. "एक माह्या घरून, एक ह्याच्या."

"मले तुमचा नोको. माहा पायजे. दुसरा टप्पा कवा कळते?"

"दिवाळीनंतर," टेकचंद दाराशी पुटपुटला.

"धान दिवाळीलोक थांबते काय गा? तुमी दोघं लॉजवर बैलाईच्या गोष्टी करान, अन् माहा धान इकडं उभ्यानं वाळन. त्या पाहुन्याईले वाळलेला धान दाखवला त वाद चालू हाय म्हनून खूष होतीन तुमचे ते!"

दोघांच्या माना खाली गेल्या. आनंदराव म्हणाला, "समितीची बैठक बोलवू. ठराव घेऊ, मंग मंगरूले..."

"दोन अध्यक्ष आहेत, कागद आहे," उषाबाई म्हणाल्या. "ही बैठकच चालू आहे. ठराव मंजूर. मंगरूला कोण सांगतं?"

गोमाजी उठला. आनंदरावही उठला. दारात दोघे एकदम अडकले, आणि मग, चिचटोल्यात पहिल्यांदाच, भर दुपारी, सगळ्यांसमोर, बरोबर बाहेर पडले.

"थांबा," धुरपताबाई मागून म्हणाली. "अजून एक. कागद पेटीत ठेवला म्हनून गेला. दोन किल्ल्या दोघांपाशी, दोघं एक झाले का बाकीचे मेले. त्यापरीस भितीवर लिवा. भित कोन चोरते?"

"शाळेच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाची घोषणा आहे," केशवराव घाबरून म्हणाले. "हम दो हमारे दो. लाल त्रिकोणासकट. ती पुसायला वरून परवानगी लागते."

"मी दिली," उषाबाई म्हणाल्या. "चुना आहे का?"

७

पाणी बुधवारी दिवस मावळायच्या आत शेवटच्या बांधीत पोचले.

उषाबाईंनी बीडीओ साहेबांना अहवाल दिला: 'कागद शाळेच्या आवारात मिळाला. निष्कर्ष काढलेला नाही.' साहेबांनी तो दोनदा वाचला आणि ही बाई पुढे जाईल असे शेऱ्यात लिहिले.

गुरुवारी पाहुणे आले. एक उंच गोऱ्या बाई आणि त्यांच्याबरोबर एक छायाचित्रकार. पेटी उघडली, कागद आत होता, कुलुपं आपापल्या बाजूला होती. गोमाजी आणि आनंदराव एकमेकांकडे पाठ करून बसले होते, जमेल तितपत. पण बाईंनी कागदाकडे ओझरते पाहिले आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. चुना अजून ओला होता. केशवरावांच्या हातची गेरूची अक्षरे हातभर उंच होती: ज्याची बांधी शेवटी, त्याला पाणी पहिले.

"हे कोणी लिहायला सांगितलं?" बाईंनी विचारले, आणि टेकचंदने मराठी केले.

धुरपताबाईला बांधीतून बोलावून आणले. पोटऱ्यांपर्यंत चिखल होता.

"गावात शांतता आहे का?" गोऱ्या बाईंनी तिला विचारले.

आहे म्हणाली तर गाव पास, समिती बंद, टेकचंद बंद, नागपूर बंद. नाही म्हणाली तर पेटीतला कागद खोटा. गोमाजीने उपरणे घट्ट धरले. आनंदरावचे सगळे लक्ष कोटाच्या बटणात होते.

धुरपताबाईने दोघांकडे एकेकदा पाहिले.

"मोहल्ल्याची अन् टोलीची हाय का नाई, ते त्याईचं त्याईले इचारा. त्याईचं काय हाय ते त्याईले सांगू द्या. आमचं भांडन वरच्या बांधीसंग हाय. शेवटी आमी नऊ घरं. त्यात मोहल्ल्याचे बी हायेत अन् टोलीचे बी. तुमच्या कागदात आमची ओळच नोती, त आमची शांती कोठून होईन?"

दोन वर्षांत टेकचंदने बऱ्याच गोष्टींचे इंग्रजी केले होते आणि प्रत्येक वेळी त्या थोड्या सुधारून घेतल्या होत्या. आज त्याने जसे होते तसे सांगितले. वेळ लागला. गोऱ्या बाईंनी वहीची दोन पाने भरली, मग खाली बसून शेवटची नऊ घरे एकेक करून विचारली.

नोव्हेंबरच्या अखेरीस पत्र आले. दुसरा टप्पा मंजूर. वाद चालू असल्याचे समाधानकारकरीत्या आढळले होते. अर्जाचा नमुना बदलला होता. 'संघर्षाचे पक्ष' या रकान्यात आता तीन ओळी होत्या. तिसऱ्या पक्षाच्या प्रतिनिधी श्रीमती धुरपताबाई यांनी नागपूरच्या पहिल्या बैठकीस उपस्थित राहावे, अशी विनंती होती.

बैठकीच्या दिवशी गोमाजी आणि आनंदराव सकाळच्या एसटीने नागपूरला गेले. टेकचंद मात्र निमंत्रण घेऊन शेवटच्या बांधीवर आला. धुरपताबाई कमरेत वाकून धान कापत होती. तिच्या मागे कापलेल्या पेंढ्यांची रांग धुऱ्यापर्यंत गेली होती.

"बाई, एसटी गेली. पण दुपारची आहे. चला."

"कापनी हाय."

"तुमच्या नावाची खुर्ची ठेवली आहे तिथे."

"ठेवू दे. खुर्ची झडत नाई, धान झडते."

"मग निदान निमंत्रण मिळालं म्हणून अंगठा द्या. मला वर दाखवावा लागतो."

धुरपताबाई उभी राहिली. तिने त्याच्या झोळीकडे पाहिले, बुटांकडे पाहिले, आणि पेंढीवर ठेवलेला दुसरा विळा उचलून त्याच्या हातात दिला.

"देतो अंगठा. आधी हा धुऱ्यापासचा पट्टा काप."

टेकचंदने झोळी धुऱ्यावर ठेवली. धानाच्या मुलखात शांततेवर दोन वर्षे काम करून त्याने विळा पहिल्यांदाच धरला होता. त्याने एक मूठ धान पकडला आणि लोंब्यांच्या थोडे खाली विळा लावला.

"असं वरून नोको रे बाबू," धुरपताबाई म्हणाली. "बुडातून काप. तनीस बी कामाची असते."